एकमत झालं तो मुद्दा

मी काय शिकवते असं कुणी विचारलं, की ‘राज्यशास्त्र’ म्हणून मी मोकळी होते. पेपरचं पूर्ण नाव सांगितलं तर अमरावतीतले लोक जरा वेळ माझ्याकडे बघतात आणि मग विचारतात, शांततेत शिकण्यासारखं काय असते? शांतता आणि संघर्ष यांचा अभ्यास, असा तो पेपर आहे. त्यातलं शेवटचं प्रकरण स्त्रीवादी दृष्टिकोनाचं. शेवटचं असल्यामुळे ते दरवर्षी घाईत उरकावं लागतं. तोवर स्नेहसंमेलन होऊन गेलेलं असतं, ऊन वाढलेलं असतं, मागच्या बाकांवर मुलं पेंगत असतात. मी फळ्यावर लिहिते, ‘सुरक्षा म्हणजे कोणाची सुरक्षा?’ मुली ते उतरवून घेतात आणि विचारतात, मॅडम, हे टिपांमध्ये येते का मोठ्या प्रश्नाला?

त्या प्रकरणात सांगायचं असतं ते तसं साधं आहे. दंगल झाली की जळालेली दुकानं मोजतात, गाड्या मोजतात, जखमी मोजतात. मग समेट होतो. समेटाच्या खोलीत बहुतेक पुरुष असतात. तिथं बायकांबद्दल जे ठरतं ते नुकसानीत धरत नाहीत, कारण धरणाऱ्याला ते नुकसान वाटतच नाही. हे मी बरीच वर्षं बोलत आले आहे. चांगलं बोलते असंही लोक म्हणतात. बोलायला काय लागतं?

दरवर्षी नवी तूर निघाली की वहिनीच्या पातूरच्या माहेराहून अकोल्याला, माझ्या माहेरी, पोतं येतं आणि ती घरीच डाळ करते. माझा वाटा न्यायला मी जाते. डाळ हे निमित्त. दोन दिवस वहिनीच्या हातचं आयतं खायचं आणि परत यायचं, हे खरं. त्या वर्षी मी पोचले त्याच संध्याकाळी जुन्या शहरात गडबड झाली. कशावरून झाली ते मला आजही नीट माहीत नाही. कुणीतरी मोबाईलवर काहीतरी टाकलं, एवढंच प्रत्येकजण सांगतो. काय टाकलं होतं ते पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही. आधी धडाधड शटर पडल्याचे आवाज आले, मग माणसं पळाल्याचे, आणि मग काहीच आलं नाही. जळक्या टायरचा वास घरात भरून राहिला. दुसऱ्या दिवशी संचारबंदी लागली, नेट बंद झालं, एसटी बंद झाली आणि मी माहेरी अडकले. नवऱ्याला फोन लावला, तर त्यानं आधी मी बरी आहे ना ते विचारलं आणि मग गॅसचं सिलिंडर कसं बदलायचं ते.

माझ्या दादाचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं विकतो. त्या गडबडीत दुकानाचा बोर्ड जळाला, आतलं वाचलं. शांतता समितीत तो पुष्कळ वर्षांपासून आहे. गणपती, मोहरम, मिरवणुका आल्या की पोलीस ठाण्यातून त्याला बोलावणं येतं, आणि तो पांढरा शर्ट घालून जातो. आमच्याकडे समितीत असणं हा नुसता मान नाही, काम असतं. दोन्हीकडच्या लोकांना तो खरोखर ओळखतो. त्या दिवसांत त्याचा फोन कानाचा सुटत नव्हता. ताटावर बसला की फोन, उठला की फोन. माझा दादा वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटेल.

त्याची मुलगी, माझी भाची, पोलीस भरतीची तयारी करत होती. बी.ए. झालेली, उंच, अंगानं काटक, बोलायला कमी. अर्ज तिनं अमरावतीच्या जागांसाठी भरला होता. तिथं आत्याचं घर आहे, आदल्या दिवशी मुक्कामाला बरं. आधी मैदान, म्हणजे मैदानी चाचणी असते, लेखी नंतर. आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. दादानं तिला सांगून ठेवलं होतं, की ही एक भरती पाहू, मग स्थळं पाहू. त्यामुळे ते मैदान तिच्यासाठी काय होतं ते घरात सगळ्यांनाच माहीत होतं. कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं इतकंच.

रोज पहाटे ती दोन मोहल्ल्यांच्या मधल्या मैदानावर धावायला जायची. पलीकडच्या मोहल्ल्यातली एक मुलगी तिची जोडीदारीण होती. दोघींनी एकाच नेटकॅफेत शेजारी शेजारी बसून अर्ज भरले, म्हणून दोघींचे नंबरही लागोपाठचे आले होते. गोळाफेकीला दोघी लागतातच. एकीनं फेकायचा, दुसरीनं पडल्या जागी खूण करून तो परत लोटायचा; नाहीतर अर्धा जीव गोळा आणण्यातच जातो. गोळा एकच होता, दोघींनी मिळून घेतलेला. एक महिना तो आमच्या घरी पलंगाखाली असायचा आणि एक महिना तिच्या घरी. गडबड झाली तो महिना तिच्या घरचा होता.

गच्चीवर वहिनीनं तूर वाळत घातली होती. भाची त्या तुरीभोवती धावू लागली. खाली आम्हाला छत दणदणल्याचं ऐकू यायचं. लगेच समोरच्या घरातून विचारणा आली, की अशा दिवसांत तरणी पोरगी गच्चीवर पळते ती कशासाठी, पलीकडून सगळं दिसते म्हणा. दुपारी वहिनीनं कपाट उघडलं, होत्या नव्हत्या त्या साड्या, चादरी, पलंगपोस पाण्यातून काढले आणि गच्चीच्या चारी बाजूंच्या तारांवर टाकले. दुसऱ्या दिवशी तेच वाळलेले कपडे पुन्हा भिजवून पुन्हा टाकले. आम्हाला सांगितलं, की ऊन चांगलं हाये तर धुऊन घेतो. संचारबंदीत पाणी जपून वापरा असं दादा बजावत होता, तरी त्यानंही त्यावर काही विचारलं नाही.

मी त्या दिवसांत तूर निवडत बसायची. खडा दिसला की काढायचा, काडी दिसली की काढायची. सकाळी दूध आणायला सूट मिळायची तेव्हा दादा जायचा. बायकांनी जावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, आमच्याही. दुपारी एखादी पोलिसांची गाडी गल्लीतून फिरायची आणि भोंग्यावरून शांतता राखा म्हणून सांगायची. एवढी शांतता मी त्या गल्लीत कधी पाहिली नव्हती. मला भीती वाटली पाहिजे होती, निदान काळजी. काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावून बघावा तसं मी अधूनमधून स्वतःला तपासायची. शांततेवर शिकवणारी बाई दंगलीच्या शेजारी बसली आहे, काही टिपून ठेवावं, असं एकदा मनात आलं. मग वहिनीनं कढी ढवळायला बोलावलं आणि मी गेले.

शांतता समितीची बैठक लागली तेव्हा वरून निरोप होता की महिला प्रतिनिधी हवी. पलीकडच्यांची एक ठरली होती, आपल्याकडची कोण, असा प्रश्न पडला. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, तू तर हेच शिकवते. मी साडी बदलली आणि गेले.

ठाण्याच्या मागच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. एका बाजूला आपले, एका बाजूला ते, समोर साहेब. नुकसान कुणाचं जास्त यावर वाद झाला. भोंग्यांवर झाला. पकडलेल्या पोरांवर तर इतका झाला, की दोन माणसं उठून चालायला लागली आणि त्यांना हात धरून बसवावं लागलं. चहा येऊन थंड झाला. एकाही मुद्द्यावर कुणी मागे सरत नव्हतं. मग आपल्याकडचे एक बुजुर्ग, सगळे ज्यांना मान देतात असे, हात वर करून उठले.

“बाकीचं होत राहीन,” ते म्हणाले. “पयले पोरीयचं ठरवा. आपापल्या पोरी आपापल्या घरात ठेवा, म्हंजे भांडनच नाई.”

समोरच्या बाजूचे बुजुर्ग लगेच म्हणाले, बराबर बोले. दोन्हीकडच्या माना हलल्या. इतका वेळ ताठ बसलेली माणसं एकदम सैल झाली. मुलींनी पहाटे मैदानावर जायचं नाही, उजेडातही वातावरण निवळेपर्यंत नाही, क्लास दिवसाउजेडी सुटायचे, मोबाईलवर घरच्यांनी नजर ठेवायची, असं भराभर ठरत गेलं. एकानं सांगितलं की दुसरा त्यात भर घालायचा. जो तो दुसऱ्याच्या पुढे. साहेबांनी लिहून घेतलं. दोन्हीकडच्यांनी एकेक करून शब्द दिला, दादानंही. सगळ्या बैठकीत तेवढ्या एका गोष्टीवर टाळ्या वाजल्या.

मी बोलले. आधी विचारलं, की दगड मुलींनी मारले होते का. काही जण अदबीनं हसले. मग मी म्हटलं, दगड मारणारे मुलगे होते, तर मैदान मुलग्यांना बंद करा, मुली जाऊ द्या धावायला. यावर जास्त लोक हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, ताई, पोट्टे आवरता आले असते तर ही बैठकच नसती. तुमचा मुद्दा चांगला आहे, नोंद घेतो. त्यांनी खरंच नोंद घेतली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते मी इतक्या सभ्यपणे होताना कधी पाहिलं नव्हतं. दादा जमिनीकडे बघत होता.

पलीकडच्यांची प्रतिनिधी म्हणजे उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एक मुख्याध्यापिका होत्या. आम्हा दोघींना एकाच बाकावर बसवलं होतं. त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली आणि चांगल्या मराठीत हळूच म्हणाल्या, “दर वेळी पहिलं एकमत यावरच होते. तुम्ही पहिल्यांदा आल्या वाटते.” मी हो म्हटलं. मग फोटो काढायचा होता. आम्हा दोघींना पुढच्या रांगेत मधोमध बसवलं.

घरी येताना मला राग यायला हवा होता, आणि मी तो शोधत होते. सापडला नाही. एवढंच कळत होतं, की आता घरी गेल्यावर भाची दारात उभी असेल.

ती दारात नव्हती, स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. दादानं पाणी मागितलं, पाणी प्यायला आणि तिला सगळं सांगितलं. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नाही. मैदान सध्या बंद. तिनं विचारलं, सध्या म्हणजे कवापर्यंत? तो म्हणाला, निवळेपर्यंत. तिनं विचारलं, अन् तेवढ्यात माही चाचणी लागली तर? मी मध्ये पडले, की संचारबंदी उठली की मी हिला अमरावतीला घेऊन जाते, तिथं धावेल.

“मी सगळ्यायच्या समोर शब्द देऊन आलो,” दादा म्हणाला. “आता माह्याच घरची पोरगी मैदानावर पयाली, अकोल्यात का अमरावतीत, तर मले कोन इचारन? माह्या शब्दावर दोन मोहल्ले गप बसले हायेत.”

ते खोटं नव्हतं. त्याच्या आणि त्याच्यासारख्या चारदोन माणसांच्या शब्दावरच गल्लीत पुन्हा दूधवाला यायला लागणार होता. त्यासाठी त्यानं जे दिलं ते त्याचं नव्हतं, एवढाच माझा मुद्दा होता, आणि तो मी मांडला. दादा म्हणाला, पुढच्या वर्षी भरती निघनच ना. वहिनीनं भाचीच्या हातातला पिठाचा गोळा घेतला आणि उरलेल्या भाकरी स्वतः थापल्या.

दुसऱ्या दिवसापासून भाची गच्चीवर गेली नाही. चिडली नाही, रडली नाही. जेवायची, भांडी घासायची, झोपायची. इतकी झोपायची की मला उठवून बघावंसं वाटायचं. तिच्यात आणि माझ्यात तेव्हा फारसा फरक नसावा. वहिनीनं मात्र कपडे वाळत घालणं थांबवलं नाही. रिकाम्या गच्चीच्या चारी बाजूंना साड्या लोंबत होत्या. मी विचारलं, आता कशाला? ती म्हणाली, सवय लागली.

संचारबंदी हळूहळू सैल झाली. आधी सकाळी, मग दुपारपर्यंत, मग एसटी सुरू झाली. नेट तेवढं बंद होतं. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघायचं ठरवलं, डाळ बांधून झाली होती. त्या दुपारी सद्भावना फेरी निघाली. दोन्हीकडचे लोक पांढरे कपडे घालून चौकापासून चौकापर्यंत चालणार होते. दादा पुढच्या रांगेत होता. तो गेला आणि थोड्या वेळात नेट सुरू झालं.

घरातले सगळे मोबाईल एकदम वाजायला लागले. सुप्रभात, देवांचे फोटो, आगीचे व्हिडिओ, खोट्या बातम्या, त्या खोट्या आहेत असं सांगणाऱ्या बातम्या, सगळं साठलेलं एका दमात आलं. भाचीनं मोबाईल हातात घेतला तो बघायचा म्हणून नव्हे, आवाज बंद करायला. मग तिचा अंगठा थांबला. भरतीच्या मुलींच्या ग्रुपवर तारीख पडलेली होती. नेट बंद असतानाच ती जाहीर झाली होती, आणि अकोल्याबाहेरच्या मुलींनी एकमेकींना शुभेच्छा देऊनही झाल्या होत्या. हिच्या नंबरची मैदानी चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीत होती.

आम्ही तिघी स्वयंपाकघरात उभ्या होतो. भाचीनं आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. म्हणाली, राहू दे, तयारी तर बुडालीच हाये. वहिनी आत गेली आणि तिचे बूट घेऊन बाहेर आली. बूट पुसलेले होते. कधी पुसून ठेवले होते कोण जाणे.

“बाई, तुमी घेऊन जा इले,” वहिनी मला म्हणाली. “उद्या जाच होतं, आज निघा. त्यायचं माह्यावर सोडा.”

मी म्हटलं, दादाचा शब्द? वहिनी म्हणाली, शब्द त्यायनं देल्ला, मी नाई देल्ला. मले कोनी बलावलंच नोतं बैठकीले. हे ती तावातावानं म्हणाली नाही. मीठ कमी पडलं असं सांगावं तशी म्हणाली. मी इतकी वर्षं फळ्यावर जे लिहिते ते या बाईनं डब्यात पोळ्या भरता भरता सांगून टाकलं, आणि मला त्याचं कौतुकही वाटलं नाही, तेवढी सवड नव्हती. गाडीची वेळ झाली होती.

निघता निघता भाचीनं जोडीदारणीला फोन लावला. तिची चाचणीही त्याच दिवशी होती, नंबर लागूनच होता. मी सांगितलं होतं, की तिलाही घेऊन जाऊ, माझ्या घरी दोघी झोपाल. फोन तिच्या मोठ्या भावानं उचलला. भाचीनं सगळं सांगितलं; तो मध्ये तोडत नव्हता, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, “दीदी, कमिटी में तय हुआ ना. तुम्हारे पापा बी थे, हमारे अब्बा बी थे. सबके सामने जबान दिए.”

भाचीच्या पाठीवर माझी बॅग होती आणि पायात बूट होते. तिनं एवढंच म्हटलं, की एकदा तिला फोन द्या. त्यानं दिला. पलीकडची मुलगी रडत वगैरे नव्हती. तिनं विचारलं, तू जा रही ना? ही म्हणाली, हो. तिनं सांगितलं, गोळा धरण्याआधी हाताला माती लावून घे, तुझ्या हाताला घाम येतो. आणि फोन ठेवला.

आमच्या घरून तिचं घर चालत जाण्याइतकं जवळ होतं. मी जाऊ का, असं मी विचारलं. वहिनी म्हणाली, तुमी गेल्या तर त्या पोरीलेच बोल लागन. ते खरं होतं. गल्लीच्या तोंडाशी अजून लोखंडी बॅरिकेड होतं आणि दोन होमगार्ड खुर्च्या टाकून बसले होते. आम्ही उलट बाजूनं स्टँडवर गेलो.

गाडीत भाची खिडकीशी बसली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं असं म्हणतात, आणि म्हणून सोडून देतात. मला ती म्हण त्या दिवशी फार सोयीची वाटली, मोजायचं टाळणाऱ्यांच्या सोयीची. बडनेऱ्याच्या पुढे दादाचा फोन आला. मला वाटलं, आता ओरडेल. तो म्हणाला, पोह्यचल्या का? मी म्हटलं, पोचतोच आहोत. मग तो म्हणाला, ज्यानं इचारलं त्याले मी सांगितलं की पोरीची तब्येत बरी नाई, आत्याकडं डॉक्टरले दाखवाले गेली. तूही तसंच सांगजो. आणि तिले सकायी केळं देजो, उपाशी पयवू नको. मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत दादा खोटं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि त्याच्या आवाजावरून त्याला ते जड गेलं होतं.

सकाळी मैदानाच्या फाटकावर मुलींची रांग होती. वरूडच्या, मोर्शीच्या, मेळघाटातल्या, सगळ्याजणी एकसारख्या काळ्या ट्रॅक पँटमध्ये. बरोबरच्या आया कुंपणाबाहेर चटया टाकून बसल्या होत्या. मीही त्यांच्यात बसले. कुंपणाला जाळी असल्यामुळे आतलं दिसत होतं आणि भोंग्यामुळे ऐकूही येत होतं. एक हवालदार नंबर आणि नाव पुकारायचा, मुलगी पुढे जायची, छातीवर नंबरचा कपडा बांधून घ्यायची.

भाचीच्या आधी तिच्या जोडीदारणीचं नाव आलं. हवालदारानं पुकारलं, थांबला, पुन्हा पुकारलं. त्यानं नाव जरा चुकीचं उच्चारलं होतं म्हणून शेजारच्या शिपायानं नीट उच्चारून तिसऱ्यांदा पुकारलं. तो माणूस मनापासून वाट बघत होता. रांगेकडे मान उंच करून बघितलंही त्यानं. रांगेतल्या मुली मागे वळून बघू लागल्या. भाची वळली नाही. तिची मान मला मागून दिसत होती. मग हवालदारानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि हिचं नाव घेतलं.

आठशे मीटरला ती मधे कुठेतरी आली, पहिल्या पाचांत नाही आणि शेवटच्या पाचांतही नाही. शंभर मीटर बरं गेलं. गोळाफेकीच्या वेळी ती खाली वाकली, हाताला माती चोळली, आणि उभी राहिली. गोळा रेषेपलीकडे पडला. एका शिपायानं खूण केली, दुसऱ्यानं तो परत लोटला. तिन्ही फेकी झाल्यावर तिला सही करायला बोलावलं. गुण पडले ते ठीक आहेत असं बाहेरच्या आयांचं मत पडलं. यादी अजून लागायची होती.

ती बाहेर आली आणि माझ्या चटईवर बसली. मी केळं दिलं. तिनं ते सोलून खाल्लं, साल कागदात गुंडाळलं. मी पाठीवर हात ठेवला तर पाठ ओली आणि गार होती. मला वाटलं, आता रडेल, म्हणजे मलाही रडता येईल. मला फार दिवसांत रडावंसं वाटलेलं नव्हतं आणि तेव्हा वाटत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं तर डोळे कोरडे होते.

“मी लागली ना आत्या,” ती म्हणाली, “तर पुढच्या गडबडीत बंदोबस्ताले मले तिच्याच गल्लीच्या तोंडाशी उभं करतीन. लेडीज म्हनून मुद्दाम. अन् सांगतीन, बाईमानसाले बाहीर येऊ देजो नको. माही जोडीदारीण आली तर मी काय कराचं, ते आताच सांगून ठेव.”

आजूबाजूच्या आया आपापल्या मुलींना डबे उघडून देत होत्या. आत पुढच्या तुकडीची शिटी वाजली. भाचीनं बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट चटईवर नीट ठेवले, आणि मी काही बोलायच्या आत नळावर पाणी प्यायला निघून गेली.